इंग्रजी पत्रव्यवहारात स्वल्पविराम श्वासाने द्यावा की नियमाने?

टर्कीटॉवेल (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत टर्की टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात मी परदेशी ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार पाहते. आखाती देशांत आणि जर्मनीत आमचा माल जातो, त्यामुळे दर, रंग, वजन, पॅकिंग आणि पैशांची मुदत यांविषयीची इंग्रजी पत्रे रोजच लिहावी लागतात. शब्दांची अडचण आता फारशी येत नाही, क्रियापदेही सांभाळली जातात. वाद होतो तो विरामचिन्हांवरून, आणि तो जवळजवळ प्रत्येक मोठ्या पत्राला होतो.

आमच्या मालकांचे म्हणणे असे, की वाक्य मोठ्याने वाचावे आणि जिथे श्वास घ्यायला थांबतो तिथे स्वल्पविराम द्यावा. त्यांना शाळेत तसेच शिकवले होते, आणि खरे सांगायचे तर मलाही. हिशेब पाहणारे आमचे अण्णा म्हणतात, की शंका आली की स्वल्पविराम काढूनच टाकावा, नसल्याने कोणाचे काही अडत नाही. दोघांचेही इंग्रजी कामापुरते उत्तम आहे आणि दोघेही मागे हटत नाहीत. मसुदा मात्र मला करायचा असतो.

पुढील वाक्ये आमच्या मसुद्यांतलीच आहेत. या मंचावर देवनागरीचाच नियम असल्यामुळे इंग्रजी वाक्येही देवनागरीत लिहिली आहेत, चिन्हे मात्र मसुद्यात होती तशीच ठेवली आहेत.

“द टॉवेल्स, विच वेअर पॅक्ड ऑन मंडे, आर डॅमेज्ड.”

“वुई हॅव रिसीव्ह्ड युवर ऑर्डर, वुई विल डिस्पॅच इट ऑन फ्रायडे.”

“द बायर सेड, दॅट द शेड इज नॉट मॅचिंग.”

“प्लीज लेट अस नो व्हेन यू विल सेंड द पेमेंट?”

पहिल्या वाक्यात सांगायचे होते ते एवढेच, की सोमवारी भरलेल्या काही कार्टनांत पावसाचे पाणी शिरले आहे. बाकीचा माल कोरडा आणि सुस्थितीत आहे. त्यात स्वल्पविराम हवेत की नकोत, यावर आमच्याकडे दुपारच्या चहापर्यंत चर्चा चालली होती. याखेरीज ‘थर्टी डेज क्रेडिट’ यात ॲपॉस्ट्रॉफी (अक्षराच्या वरच्या बाजूला येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह) येते का, आणि परदेशी ग्राहकाला रक्कम लिहिताना १२,५०,००० असे लिहावे का, हेही विचारायचे आहे. जाणकारांनी कृपया नियम सांगावा. नुसते “असेच लिहितात” एवढ्यावर आमच्या कार्यालयातला वाद मिटणार नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, आपल्या मालकांचा नियम निराधार नाही. जुन्या इंग्रजी व्याकरणांत स्वल्पविरामाला एक मोजेपर्यंत थांबावे, अर्धविरामाला दोन, अपूर्णविरामाला तीन आणि पूर्णविरामाला चार, असे सरळ लिहिलेले असे, कारण त्या काळी लिहिलेला मजकूर प्रामुख्याने मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी असे. आपल्याकडे मोडीत शब्दसुद्धा तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती, मग विरामचिन्हे कोठून असणार? ती मराठीत रूढ करण्याचे श्रेय मराठी-इंग्रजी कोशकार मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते, म्हणजे ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. चिन्हे इंग्रजीतून आली आणि मराठीत ती बोलण्याच्या ओघाप्रमाणे वापरली जाऊ लागली. आजही मराठीत आपण पुष्कळ अंशी कानानेच स्वल्पविराम देतो आणि त्याने काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र मधल्या काळात कानाचा अधिकार कमी होत गेला आणि वाक्याच्या रचनेचा वाढत गेला. आजच्या इंग्रजीत वाक्याचे कोणते भाग एकमेकांशी जोडलेले आहेत आणि कोणते सुटे आहेत, हे स्वल्पविराम दाखवतो. श्वास कोठे घ्यायचा ते वाचणाऱ्यावर सोपवलेले असते.

हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो तो लांब कर्त्याच्या वाक्यात. “द ऑर्डर प्लेस्ड बाय युवर दुबई ऑफिस इन द लास्ट वीक ऑफ मार्च इज रेडी” हे वाक्य मोठ्याने वाचले, तर ‘मार्च’नंतर कोणीही थांबेल आणि मराठी माणूस तेथे हमखास स्वल्पविराम देईल. इंग्रजीत तो चूक ठरतो, कारण ‘द ऑर्डर’पासून ‘मार्च’पर्यंतचा सगळा मजकूर हा एकच कर्ता आहे, आणि कर्ता व त्याचे क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम ठेवता येत नाही. दम लागत असेल तर वाक्य लहान करावे.

आता आपल्या पहिल्या वाक्याकडे वळतो, कारण चारांमध्ये धोक्याचे तेच आहे. स्वल्पविरामांची जोडी इंग्रजीत कंसाचे काम करते: तिच्या आतला मजकूर जादा माहिती म्हणून दिलेला असतो आणि तो वगळला तरी मूळ विधान तसेच राहते. कागद पुढे घ्या आणि दोन स्वल्पविरामांमधला मजकूर बोटाने झाका. उरते काय? “द टॉवेल्स आर डॅमेज्ड.” म्हणजे आपल्या ग्राहकाने असे वाचले, की पाठवलेले सगळे टॉवेल खराब आहेत आणि ते सोमवारी भरले होते हे जाता जाता कळवले आहे. स्वल्पविराम काढले, की ‘सोमवारी भरलेले’ हे शब्द टॉवेलांना चिकटतात, कोणते टॉवेल ते ठरवतात, आणि अर्थ होतो की सोमवारी भरलेले तेवढे खराब आहेत. शब्द एकही बदललेला नाही. बदलला आहे तो नुकसानीचा आकडा. या जागी ‘विच’ऐवजी ‘दॅट’ वापरावे असे मी सुचवीन, कारण असे निवड करणारे उपवाक्य ‘दॅट’ने सुरू केले, की त्याला स्वल्पविराम लागतच नाहीत आणि वादाला जागा उरत नाही.

याच नियमाची दुसरी बाजूही पाहा, म्हणजे अण्णांचा ‘शंका आली की काढा’ हा उपाय का चालत नाही ते कळेल. आपल्या माहितीपत्रकात “अवर टॉवेल्स, विच आर वुव्हन इन सोलापूर, आर प्युअर कॉटन” असे वाक्य असेल, तर तेथे दोन्ही स्वल्पविराम हवेतच. ते काढले, तर वाचणारा समजेल की आपले काही टॉवेल सोलापुरात विणले जातात, काही आणखी कोठे, आणि शुद्ध सुती आहेत ते फक्त सोलापुरातले. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टर्की टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले असताना असा संशय आपल्याच कागदातून निर्माण होणे बरे नव्हे. आणि जोडीतला एकच स्वल्पविराम देऊन दुसरा विसरणे हे तर दोन्हींपेक्षा वाईट. पण आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्वाधिक दिसे ते हेच.

दुसरे वाक्य मराठीत निर्दोष ठरले असते. “आपली ऑर्डर मिळाली, शुक्रवारी माल पाठवतो” असे आपण रोज लिहितो. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. एक तर पूर्णविराम द्यावा, किंवा स्वल्पविरामापुढे ‘अँड’ लिहावे, किंवा दोन्ही गोष्टींचा संबंध निकटचा असेल तर अर्धविराम द्यावा. व्यापारी पत्रात पूर्णविराम सर्वांत बरा. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते, कारण ते ‘बट’ आणि ‘सो’ यांचे भाऊबंद वाटतात. “द गुड्स आर रेडी, हाउएव्हर द ट्रक हॅज नॉट कम” हे चूक. ‘रेडी’नंतर अर्धविराम आणि ‘हाउएव्हर’नंतर स्वल्पविराम हवा.

तिसऱ्या वाक्यातला स्वल्पविराम आपल्या ‘की’च्या आधीचा आहे. मराठीत “तो म्हणाला, की” असे लिहिण्याची जुनी रीत आहे (मीही वर तसेच लिहिले आहे) आणि ती सवय हातातून तशीच इंग्रजीत उतरते. ‘सेड दॅट’मध्ये काहीही येत नाही. ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यायचे असतील तर मात्र ‘सेड’नंतर स्वल्पविराम येतो.

चौथ्यात प्रश्न विचारलेला नसून विनंती केलेली आहे. शेवटी पूर्णविराम द्यावा.

जुळे_सोलापूर

मास्तरांनी फार नेमके लिहिले आहे, तरीही एक शंका मांडतो. मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांसाठी कापड खरेदीचे काम करतो आणि परदेशातून येणारी पत्रेही पाहतो. त्यांतल्या निम्म्यांत विरामचिन्हांचा पत्ता नसतो. वाक्याची सुरुवात लहान अक्षराने होते आणि पूर्णविरामाच्या जागी तीन-चार टिंबे असतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेच जर असे लिहीत असतील, तर नियमांचा सगळा भार सोलापूरकरांनी एकट्याने का वाहावा? शिवाय आपल्या गावात एकाच कार्यालयात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे असतात, प्रत्येक जण आपल्या भाषेच्या चालीवर इंग्रजी लिहितो, आणि माल तरीही वेळेवर पोचतो.

निवृत्त_मास्तर

आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. ‘पोचलो’, ‘ट्रक निघाला’ अशा फोनवरच्या निरोपात विरामचिन्हांची चिकित्सा करणे हा रिकामटेकडेपणा होईल. पण ताईंनी विचारलेले पहिले वाक्य निरोपाचे नाही. त्यावर विम्याचा दावा उभा राहू शकतो, आणि तेव्हा समोरचा मनुष्य आपण लिहिलेलेच वाचणार, आपल्या मनातले वाचणार नाही. ज्याला पैसे द्यायचे आहेत तो टिंबे टाकून लिहू शकतो. ज्याला पैसे घ्यायचे आहेत त्याने नीट लिहिलेले बरे, एवढेच माझे मत.

कोर्टाच्या_मागे

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, म्हणून या धाग्यात दोन गोष्टींची भर घालते.

स्वल्पविरामाने खटल्याचा निकाल बदलल्याचे आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षेस पात्र कृत्ये सांगताना त्या वेळी “मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स” अशी शब्दरचना होती. आरोपीजवळ औषधाच्या गोळ्या सापडल्या होत्या. प्रश्न असा, की नुसता साठा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, की विक्रीसाठी साठा करणे हा? ‘सेल्स’नंतर स्वल्पविराम आहे, ‘स्टॉक्स’नंतर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली महाराष्ट्रातून आलेल्या या अपिलात म्हटले, की ‘स्टॉक्स’पुढे स्वल्पविराम नसल्यामुळे “स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल” हा एकसंध भाग ठरतो, म्हणून ‘फॉर सेल’ ही अट साठ्यालाही लागू होते. विक्रीचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय केवळ साठा केल्याबद्दल त्या कलमाखाली शिक्षा देता येणार नाही. मास्तरांनी टॉवेलांविषयी जे सांगितले, तेच न्यायालयाने गोळ्यांविषयी सांगितले: स्वल्पविराम नाही, म्हणजे शब्द एकमेकांना जोडलेले आहेत.

पण लगेच दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच न्यायालयाने १९५२ साली असेही म्हटले होते, की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हे हा शेवटी गौण घटक आहे, आणि मजकुरात ती काळजीपूर्वक दिलेली असतील व अर्थाविषयी शंका असेल, तर त्यांना वजन द्यावे. तेव्हा करार लिहिताना माझा सल्ला मास्तरांपेक्षा थोडा वेगळा आहे. ज्या वाक्याचा अर्थ एका स्वल्पविरामावर टांगलेला आहे, ते वाक्य स्वल्पविराम बरोबर देऊनही मी तसे ठेवत नाही, मोडून पुन्हा लिहिते. “सोमवारी भरलेल्या अमुक क्रमांकाच्या कार्टनांतील टॉवेल खराब झाले आहेत. उर्वरित माल सुस्थितीत आहे.” अशी दोन वाक्ये इंग्रजीत लिहिली, तर ‘विच’ आणि ‘दॅट’ यांच्यातला फरक ठाऊक नसलेल्या वाचकालाही चुकीचे वाचता येणार नाही.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, हा वाद ताईंनी काढलेला नाही, पण तो निघणारच आहे. याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. बहुतेक ब्रिटिश वृत्तपत्रे तो देत नाहीत, अमेरिकेतले पुस्तक प्रकाशक सहसा देतात, आपल्या शाळांत देऊ नये असे शिकवतात. अमेरिकेच्या मेन राज्यात तो नसल्यामुळे एका दुग्धकंपनीला मोठा भुर्दंड बसला. जादा कामाचा मोबदला कोणत्या कामांना द्यावा लागत नाही, याची कायद्यातली यादी “पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन” अशी संपत होती. दूध पोचवणाऱ्या चालकांचे म्हणणे पडले, की ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नसल्याने सूट मिळते ती पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेल्या पॅकिंगला, आणि आम्ही पॅकिंग करतच नाही. तेथील अपील न्यायालयाने २०१७ साली मजकूर संदिग्ध ठरवून कामगारांच्या बाजूने अर्थ लावला, आणि पुढल्या वर्षी प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटले. त्यानंतर विधिमंडळाने त्या यादीत अर्धविराम घातले.

टर्कीटॉवेल

वकीलताई, हा वाद आमच्याकडे निघून गेलेला आहे! आमच्या एका ऑर्डरमध्ये “व्हाइट, ग्रीन, रेड अँड यलो” असे रंग लिहून आले होते. आमच्याकडे लाल-पिवळ्या पट्ट्यांचाही टॉवेल निघतो, म्हणून रंग चार की प्रकार तीन, हे फोन करून विचारावे लागले.

कोर्टाच्या_मागे

उत्तम उदाहरण. चार रंग असतील तर ‘रेड’नंतर स्वल्पविराम द्यावा. तीन प्रकार असतील तर “व्हाइट, ग्रीन, अँड रेड-अँड-यलो स्ट्राइप्ड” असे लिहावे. मी स्वतः हा स्वल्पविराम नेहमी देते. शाळेतल्या बाईंचा यावर आक्षेप असेल, पण बाई करारावर सही करत नाहीत.

निवृत्त_मास्तर

शाळेतल्या बाईंच्या वतीने एवढेच म्हणतो, की “ब्रेड अँड बटर” यांसारख्या साध्या जोड्यांत आणि छोट्या, निःसंदिग्ध यादीत तो नसला तरी चालते. ऑर्डरमध्ये अवश्य द्यावा. मात्र एकदा द्यायचा ठरला, की संपूर्ण पत्रात द्यावा.

बाळीवेस_छापखाना

मंडळी, आम्ही वेष्टने, लेबले आणि माहितीपत्रके छापतो, म्हणून माझे निरीक्षण थोडे वेगळ्या बाजूचे आहे. स्वल्पविरामाने जेवढा घोटाळा होतो, त्याहून अधिक घोटाळा छापील कामात ॲपॉस्ट्रॉफी, अवतरणचिन्हे आणि हायफन यांनी होतो, आणि छापून झाल्यावर तो दुरुस्त करता येत नाही.

ताईंच्या प्रश्नापुरते आधी सांगतो. ‘थर्टी डेज क्रेडिट’ म्हणजे तीस दिवसांची उधारी. त्यात ‘दिवसांची’ हा संबंध आहे, म्हणून ॲपॉस्ट्रॉफी येते, आणि शब्द अनेकवचनी असल्यामुळे ती शेवटच्या ‘एस’च्या नंतर येते. एकाच दिवसाची मुदत असेल तर ती ‘एस’च्या आधी येईल. याउलट नुसत्या अनेकवचनाला ती कधीही लागत नाही. नवी पेठेतून एक चक्कर मारली, तर साड्या, चादरी, मोबाइल यांच्या पाट्यांवर अनेकवचनाच्या ‘एस’आधी ती लोंबकळताना दिसते. ‘इट्स’ हा शब्द सर्वांना छळतो: ‘इट इज’ असे उलगडता आले तरच ॲपॉस्ट्रॉफी, ‘त्याचे’ या अर्थी नाही.

अवतरणचिन्हांचे प्रकरण अधिक गमतीचे आहे. आपल्याकडे एखादा शब्द ठसठशीत दिसावा म्हणून तो अवतरणात घालण्याची हौस फार. लेबलवर १०० टक्के “प्युअर” कॉटन असे छापून मागणारे गिऱ्हाईक दर महिन्याला येते. इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र अवतरणातला एकटा शब्द ‘तथाकथित’ या अर्थाने दिसतो, म्हणजे लेबल लावणाराच सांगतो आहे की शुद्धतेवर माझा स्वतःचाही विश्वास नाही. जोर द्यायचा असेल तर ठळक अक्षर घ्यावे, रंग बदलावा, आकार वाढवावा. छापखान्यात त्यासाठीच सगळी सोय आहे.

आणि हायफन. कापडाच्या धंद्यात याच्याइतके महाग चिन्ह नाही. “ट्वेंटी फाइव्ह-मीटर रोल्स” म्हणजे पाच मीटरचे वीस रोल. “ट्वेंटी-फाइव्ह-मीटर रोल्स” म्हणजे पंचवीस मीटरचे रोल, किती ते सांगितलेलेच नाही. हायफन दोन्ही ठिकाणचा गेला, तर पॅकिंग लिस्ट वाचणाऱ्याने काय समजावे? नगांची संख्या आणि मापाची संख्या अशा दोन संख्या लागोपाठ येतात तेव्हा एक आकड्यात आणि दुसरी अक्षरात लिहावी, किंवा सरळ ‘२० रोल, प्रत्येकी ५ मीटर’ या रचनेचे इंग्रजी लिहावे.

चिन्हाच्या आधी जागा सोडण्याची सवयही मोडायला हवी. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही आधीच्या शब्दाला चिकटून येतात आणि जागा त्यानंतर सोडायची असते. आधी जागा सोडली, की ओळीच्या शेवटी शब्द वर राहतो आणि प्रश्नचिन्ह एकटेच खालच्या ओळीत उतरते.

टर्कीटॉवेल

सर्वांचे मनापासून आभार. ‘थर्टी डेज’चे उत्तर मिळाले. बोटाने झाकण्याची युक्ती मी मालकांना आणि अण्णांना एकाच वेळी करून दाखवली. मालकांनी पत्र बदलायला सांगितले आणि अण्णांनी “मी म्हटलेच होते, काढा” असे म्हणून श्रेय घेतले. माहितीपत्रकाचे वाक्य त्यांना अजून दाखवलेले नाही.

उरलेले दोन मुद्दे विचारते. एक म्हणजे रकमेतले स्वल्पविराम. दुसरा, “इफ यू अप्रूव्ह द सॅम्पल वुई विल स्टार्ट विव्हिंग” अशा वाक्यांत स्वल्पविराम कधी द्यायचा आणि कधी नाही, हे मला अजून उमगलेले नाही, कारण दोन्ही प्रकारे छापलेले दिसते.

निवृत्त_मास्तर

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. ‘इफ’, ‘व्हेन’, ‘आफ्टर’, ‘अल्दो’ अशा शब्दाने सुरू होणारा भाग आधी आला, तर तो जिथे संपतो तिथे स्वल्पविराम द्यावा. म्हणजे आपल्या वाक्यात ‘सॅम्पल’नंतर. तोच भाग मुख्य विधानाच्या मागे गेला, “वुई विल स्टार्ट विव्हिंग इफ यू अप्रूव्ह द सॅम्पल” असे झाले, तर बहुधा काहीही लागत नाही. आपण दोन्ही प्रकारे छापलेले पाहिले ते त्यामुळे असावे. ‘अल्दो’चा भाग मागे गेला तरी तेथे स्वल्पविराम ठेवतात, एवढा अपवाद लक्षात असू द्यावा.

जुळे_सोलापूर

आकड्यांचे मी सांगतो, कारण येथे हात पोळलेल्यांशी माझाही रोज संबंध येतो आणि येथे नियम पाळलेच पाहिजेत हे मी विनातक्रार मान्य करतो.

१२,५०,००० हे आपल्या लाख-कोटींच्या हिशेबाचे लेखन आहे: शेवटचे तीन अंक, मग दोन-दोन. परदेशी ग्राहकाला तीच संख्या १,२५०,००० अशी, तीन-तीन अंकांनी तोडून लिहावी. आपली पद्धत चूक नाही, पण ज्याने लाख हा शब्द ऐकलेला नाही तो १२,५०,००० पाहून एखादा अंक गळाला असे समजतो आणि इन्व्हॉइस परत पाठवतो. जर्मनीचा मामला आणखी नाजूक आहे. तेथे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजार तोडण्यासाठी टिंब, म्हणजे बाराशे पन्नास युरो पन्नास सेंट ही रक्कम त्यांच्या भाषेत १.२५०,५० अशी होते. त्यांच्याकडून इंग्रजी पत्रातही कधीकधी “१.२५० पीसेस” असे लिहून येते, ते सव्वा नग नसून साडेबाराशे नग असतात. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली टिंब आणि स्वल्पविराम ही दोन्ही दशांशचिन्हे मान्य केलेली आहेत, त्यामुळे अमुकच बरोबर असे कोणाला ठणकावता येत नाही. इंग्रजी पत्रात आपण इंग्रजी पद्धत ठेवावी, चलनाचे नाव आधी लिहावे, आणि रक्कम अक्षरी लिहिताना ‘ट्वेल्व्ह लॅक फिफ्टी थाउजंड’ न लिहिता ‘वन मिलियन टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड’ असे लिहावे.

बाळीवेस_छापखाना

आकड्यांवरून आठवले. आपली पत्रे पाहिली नाहीत, तरी पैजेवर सांगतो, की त्यांत ‘सब्जेक्ट’, ‘डेट’ आणि ‘रेफरन्स’ यांच्यापुढे कोलन आणि त्याला जोडून आडवी रेघ असणार. ही जोडी एके काळी इंग्रजीतही चालत असे, आता ती आपल्या सरकारी टपालात आणि लेटरहेडांवर तेवढी उरली आहे. ‘डिअर सर’पुढे काय द्यावे हेही गिऱ्हाईक नेहमी विचारते. ब्रिटिश वळणाच्या पत्रात स्वल्पविराम देतात किंवा काहीच देत नाहीत, अमेरिकी वळणाच्या व्यापारी पत्रात कोलन देतात. आखातातल्या आणि जर्मनीतल्या ग्राहकाला स्वल्पविराम ठीक आहे. मग शेवटी ‘युवर्स फेथफुली’पुढेही तो द्यावा, आणि वर दिला नसेल तर खालीही देऊ नये. ‘सब्जेक्ट’पुढे नुसता कोलन पुरेसा आहे. लेटरहेडची पुढची छपाई कोठेही करून घ्या, पण त्या रेघा त्याआधी काढून टाका.